ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटावरून, बोटी बंद असताना

प्रिय मन्या,

तुझे मेसेज येऊन पडलेत आणि मी नुसते अंगठे पाठवतोय, म्हणून म्हटलं आज नीट सविस्तर लिहू, तसंही आज दुसरा उद्योग नाहीये, बोटी बंद आहेत. शेजारच्या पॅरोस बेटावर जायचं ठरलं होतं ते गेलं उडत. वारा आठ-नऊ बोफोर्टला (वाऱ्याच्या जोराचं माप) पोचला की बंदरवाले बोट सोडूच देत नाहीत, आपल्याकडे पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात ना तसंच, फक्त इथे आज आहे का नाही ते आयत्या वेळी कळतं. घरमालकीणबाईंना विचारलं उद्या तरी सुटेल का, तर त्यांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं, खांदे उडवले आणि कॉफीचं आधण ठेवलं. विषय संपला.

ऑक्टोबर म्हणजे इथे ना धड उन्हाळा ना हिवाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा घोंघावतो पण पाऊस जवळजवळ नसतोच, आता मात्र वारा दक्षिणेकडून यायला लागला की हवा चिकट होते, टॉवेल वाळता वाळत नाहीत आणि मग कधीही सर येते. सकाळी कडक ऊन, जेवायच्या वेळेला धो धो, चहाला परत ऊन. मेधा सुरुवातीला जाम वैतागली, आता छत्री आणि गॉगल दोन्ही एकाच पिशवीत घेऊन फिरते. समुद्र अजून उबदार आहे पण, प्लाकाला भर पावसात पोहलो, डोक्यावर गार थेंब आणि खाली कोमट पाणी, अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि एक कुत्रं.

गावाच्या तोंडाशीच पोर्तारा आहे, अपोलोच्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, जवळजवळ सहा मीटर उंच. इसवी सनापूर्वी 530 च्या सुमारास काम काढलं आणि ते अर्धवटच राहिलं, म्हणजे देऊळ नाहीच, चौकट तेवढी उभी. तिकडे जायची वाट समुद्रातून बांधलेली आहे, काल लाटा थेट वाटेवर येत होत्या, तरी लोक सेल्फीसाठी बूट हातात घेऊन पळतायत! या बेटाला अर्धवट सोडायची सवयच असावी बहुतेक, उत्तरेला अपोलोनासच्या खाणीत साडेदहा मीटरचा पुतळा तसाच आडवा पडलाय, दाढीचा आकार कळतो, बाकी नुसता दगड.

पाऊस लागला की आम्ही बस पकडून वर डोंगरातल्या गावांत जातो. अपिरांथोसच्या गल्ल्याच संगमरवराच्या, ओल्या झाल्या की भिंत धरून चालावं लागतं. हाल्कीला किट्रॉन नावाचं मद्य करतात, आणि ऐक, ते म्हाळुंगाच्या पानांपासून! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ. 1896 पासूनची भट्टी आहे, जुनं तांब्याचं भांडं अजून ठेवलंय. हिरवं सगळ्यात गोड, पिवळं सगळ्यात कडक, पांढरं मधलं. मला पिवळं आवडलं, मेधा म्हणाली खोकल्याचं औषध.

खाण्याचे हाल होतील असं तू म्हणाला होतास ना, अजिबात नाही. इथले बटाटे अख्ख्या ग्रीसमध्ये प्रसिद्ध आहेत, ऑलिव्ह तेलात तळून वर ग्राव्हिएरा चीज किसून देतात, ते बहुतेक गाईच्या दुधाचं असतं म्हणून जरा सौम्य, गोडसर. रोज खातोय, लाज न बाळगता.

तू मेमध्ये यायचं म्हणतोयस पण माझं ऐकशील तर ऑक्टोबरातच ये, गर्दी नाही, खोल्या स्वस्त, कोणी उठवत नाही. फक्त अथेन्सच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नकोस, एक दिवस हाताशी ठेव, बोटीचा भरवसा नाही. आणि वहिनीला सांग एकाच बेटावर राहायचं, चार बेटांचं टाइमटेबल करून आणलेलं मी बघितलंय, ते इथे पहिल्या वाऱ्यात उडतं.

किट्रॉनची हिरवी बाटली तुझ्यासाठी घेतलीय. काकूंनी विचारलं तर म्हाळुंगाचं सरबत म्हणून सांग.

तुझा,
पक्या