रामकुंडावरच्या आमच्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सा. न. वि. वि.

तुमचे चिरंजीव हे वाचून दाखवतील या भरवशावर उघडपणेच लिहितेय. दक्षिणा देऊन फिटण्यातलं हे ऋण नाही, आणि आमच्यासारखी चाचपडणारी घरं पुष्कळ आहेत.

२०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत बाबा गेले, पाठोपाठ धाकटे काका. भावाची नोकरी गेली. आई बोलेनाशी झाली. अशा घराचा वास काही लोकांना बरोबर लागतो. एका ज्योतिषाने पितृदोष काढला. कुलदैवताचा कोप आहे, शांती केली नाही तर तिसरा जाईल, असं त्याने आईच्या तोंडावर सांगितलं. खर्चाचा आकडाही तयार होता. आणि कुलदैवत कोणतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं! पणजोबा गिरणीत लागले तेव्हापासून आम्ही लालबागचे. १९८२ च्या संपानंतर गावाला जाणं तुटलं, आजोबांमागे विचारायला कोणी उरलं नाही. देव्हाऱ्यात गणपती आणि तुकोबांची तसबीर, एवढाच आमचा कुळाचार.

निर्बंध सैल झाल्यावर अस्थी घेऊन आम्ही नाशिकला आलो, ते हे भय बरोबर घेऊनच. भावाने तुम्हाला आधी शांतीचंच विचारलं. तुम्ही उलट विचारलंत, "मूळ गाव कोणतं?" कऱ्हाड तालुक्यातलं गाव आणि आडनाव ऐकून तुम्ही कापडात बांधलेली वंशावळींची चोपडी सोडलीत. आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला लोंबकळत बोरू न उचलता अक्षरं लिहीत जायची, ती मोडी. आम्हाला नुसत्या मुंग्या दिसत होत्या. तुम्ही बोट ठेवून वाचत गेलात.

शके १८२०. आमचे खापरपणजोबा भावाच्या आणि बायकोच्या अस्थी घेऊन इथे आले होते. खाली मुलाचं नाव. ते आमचे पणजोबा, तेव्हा पोरच असणार. तुम्ही क्षणभर हिशेब केलात आणि म्हणालात, "शके १८२० म्हणजे १८९८-९९. प्लेगाची वर्षं, बाळ. तुमच्या सातारकडे तर फार माणूस गेलं." गावंच्या गावं उठून माळावर झोपड्यांत राहिली होती तो काळ. त्यातून एक पोर वाचलं, आणि आम्ही सगळे त्या एका पोराचे. कोपाची गोष्ट माझ्यापुरती तिथेच संपली. ज्यांना आम्ही दोष लावत होतो, ते आमच्याहून वाईट दिवसांतून चालत इथवर आले होते.

समासात कुलस्वामीही होता, पालीचा खंडोबा. शांतीबद्दल तुम्ही एवढंच म्हणालात, "आईला बरं वाटलं की देवाला जाऊन या. घाई नाही." आमच्याकडून सहज पैसे काढता आले असते. या धंद्यात (रागावू नका, धंदाच म्हणते) एवढं सोडणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

तर्पणाच्या वेळी गोत्र सांगता येईना, तुम्ही काश्यप म्हणायला लावलंत. नावं मात्र खरी होती. बापाची, आजाची, पणजाची, आणि त्यांच्या बायकांचीही. पणजीचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. परतताना गाडीत आई आपणहून बोलली, ते त्या पणजीबद्दलच. सासूने कधी काही सांगितलेलं तिला आठवायला लागलं.

पुढे पालीला गेलो. तारळी नदी ओलांडली, भंडारा उधळला. आता मार्गशीर्षात घट बसतात, चंपाषष्ठीला तळी भरतो. भावाची नोकरी यामुळे लागली असं मी म्हणणार नाही, ती त्याच्या खटपटीने लागली. आम्हाला राखणारं कोणीतरी आहे, हे मात्र आता घरात कोणाला पटवावं लागत नाही. रात्री फोन वाजला की आई दचकायची, ते थांबलं.

चोपडीत आमचा लेख लिहिताना तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत आणि मुलींची, सुनांचीही नावं घालायला सांगितलंत, त्याचे वेगळे आभार.

काकांचा मुलगा तेव्हा दुबईत अडकला होता. तो येत्या पितृपंधरवड्यात येतोय. गाव नीट पाठ करून पाठवते. त्याला मोडीतलं ते पान दाखवा, आणि त्याच्या बायको-मुलीची नावं लिहून घ्या.

तुमची,
लालबागची लेक