रंग गेला म्हणजे पाणी साफ झालं असं नाही

संपादक महोदय,

कारखान्याच्या सांडपाण्यात टायटॅनियम डायॉक्साइडसारखी पावडर टाकून उन्हाच्या मदतीने ते शुद्ध करायच्या (याला फोटोकॅटॅलिसिस म्हणतात) बातम्या हल्ली सारख्या वाचायला मिळतात आणि सोबत फोटो ठरलेला, डावीकडे निळंशार पाणी, उजवीकडे एकदम नितळ. तंत्र खोटं अजिबात नाहीये. फ्रँक आणि बार्ड या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच टायटॅनियम डायॉक्साइड वापरून पाण्यातलं सायनाइड मोडून दाखवलं होतं. या पावडरवर प्रकाश पडला की हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात आणि ते समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात, जिवाणूंना पचत नाहीत अशी कीटकनाशकं, अँटिबायोटिक्स, डाय म्हणजे कापडाचे रंग सुद्धा त्यातून सुटत नाहीत, म्हणून तर या तंत्राबद्दल मला एवढं वाटतं.

पण तो फोटो फसवा आहे हो. अ‍ॅझो डाय या जातीच्या रंगांमधला दोन नायट्रोजनमधला बंध तुटला की रंग गेला, बेंझिनच्या कड्या मात्र पाण्यातच राहू शकतात, दिसत नाहीत एवढंच. मिथिलीन ब्लू या निळ्या डायचं तर अजून वेगळंच, तो नुसता रिड्यूस झाला, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, तरी बिनरंगी होतो आणि हवा लागली की परत निळा! म्हणून रंग किती टक्के गेला हे सांगून काही होत नाही, टीओसी म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला ते सांगा.

दुसरं म्हणजे ऊन. साध्या टायटॅनियम डायॉक्साइडला साधारण ३८७ नॅनोमीटरच्या खालचा यूव्ही (अतिनील) प्रकाश लागतो आणि उन्हात यूव्ही असतो जेमतेम ४-५ टक्के, त्यात खरं सांडपाणी गडद आणि गढूळ, प्रकाश आत शिरणार कसा, शिवाय त्यातले क्लोराइड आणि बायकार्बोनेट रॅडिकल खाऊन टाकतात ते वेगळंच. लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर डाय टाकून केलेल्या प्रयोगात यातलं काहीच नसतं. पावडर इतकी बारीक की नंतर गाळून काढणं हेच मोठं काम, काचेवर कोटिंग केलं तर पाण्याला लागणारा पृष्ठभाग कमी पडतो.

त्यामुळे अख्खा ईटीपी, म्हणजे जिवाणूंकडून घाण पचवून घेणारा कारखान्याचा सांडपाणी प्रकल्प, काढून तिथे हे बसवा असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. जिवाणूंचं काम झाल्यावर जे हट्टी रेणू उरतात त्यांच्यासाठी शेवटची पायरी म्हणून, नाहीतर विषारी पण छोटा प्रवाह वेगळा काढून जिवाणूंकडे सोडायच्या आधी, तिथे हे तंत्र शोभतं.

तुमच्या वार्ताहरांना एवढीच विनंती, पुढच्या बातमीत फोटोखाली आधीचा आणि नंतरचा टीओसी छापा, आणि पाणी खरं कारखान्यातलं होतं की लॅबमध्ये बनवलेलं तेही लिहा.

आपला,
एक नियमित वाचक