तळमजल्यावरच्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं, आत गॅस भरला आणि दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला, चरईतल्या घरी आले. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, कागदही दिला होता. पण यांचा हात थरथरतो, लेक परगावी. संध्याकाळी तुम्ही वर आलात, तो कागद दोनदा वाचलात आणि थेंबांच्या तिन्ही बाटल्यांना रबरबँड लावलेत. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. दुधी रंगाची बाटली आधी हलवून घ्यायची. हात साबणाने धुवायचे, खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब टाकायचा, बाटलीचं टोक कुठेही टेकता कामा नये, आणि दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. तुम्ही कधी चार मिनिटांवर भागवलं नाहीत.

पहिले दहा दिवस मान खाली घालून काढायचे होते. गॅसचा बुडबुडा वर चढतो. मान खाली असेल तरच तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. उताणं झोपायचं नाही, हे तुम्ही यांनाही बजावलंत. त्या दिवसांत मला तुमचा चेहरा दिसलाच नाही. दिसायची ती तुमची पावलं, झिजलेली जोडवी आणि उजव्या टाचेची भेग. तुम्ही फरशीवर बसून माझ्याशी बोलायचात, मी वाकूनच ऐकायचे. गुडघे दुखत असतानाही तुम्ही खाली बसत होतात, हे मला फार उशिरा कळलं.

सहाव्या रात्री डोळा ठणकायला लागला, डोकं फुटेल असं झालं, दोन उलट्या झाल्या. घरात सगळे म्हणाले, पित्त असेल. तुम्ही म्हणालात, "पित्त नाही हे. डोळ्याचं प्रेशर वाढलं असणार, आत्ता फोन लावा." रात्री साडेअकराला रिक्षा तुम्हीच आणलीत. प्रेशर खरंच वाढलेलं होतं. औषध मिळालं, डोळा वाचला. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून अंगावर येतो.

भाच्याचा साखरपुडा पुण्याला होता. "गाडीतून तर जायचंय," असं सगळे म्हणत होते. तुम्ही घाटाचं नाव काढताच मला अडवलंत. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आतला गॅस फुगतो आणि डोळ्यावर ताण येतो. डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनीही नाहीच सांगितलं. गॅस पूर्ण जाईपर्यंत विमान नाही, घाट नाही. नातेवाईक रुसले, त्यांची समजूतही तुम्हीच फोनवर काढलीत.

केस धुताना तुम्ही माझं डोकं बेसिनवर मागे टेकवून कपाळावर आडवा हात धरायचात, पाण्याचा थेंबही डोळ्यात जाऊ नये म्हणून. माझी आई गेल्यापासून असा हात डोक्यावर कुणी ठेवला नव्हता.

डोळ्यासमोर बाटलीतल्या पाण्यासारखी हलणारी, गॅसच्या कडेची ती रेघ रोज खाली सरकत गेली. मग बुडबुडा मण्याएवढा झाला, मोहरीएवढा झाला, आणि आठव्या आठवड्यात तुमच्या दारात उभी असताना दिसेनासा झाला. त्या दिवशी तुमचा चेहरा दोन्ही डोळ्यांनी पाहिला. अजून थोडं धूसर दिसतं, पण तुम्ही दिसलात.

गुरुवारी तपासणी आहे. हे सोबत येतील. तुम्ही त्या दुपारी पाय वर घेऊन झोपा, सिस्टर.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची वहिनी