ताटात उरलेले अकरा बलक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी नागपूरच्या हनुमाननगरात 22 वर्षांपासून खाणावळ चालवते. जेवायला येणारी पोरं गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळकडची. काही नीटच्या क्लासची, बाकी बरीचशी पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे रेशीमबागेच्या मैदानावर धावतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि अलीकडे संध्याकाळी जिमला जातात. तरणी पोरं व्यायाम करतात हे मला मनापासून आवडतं. पण त्यापायी ती काय काय खायचं सोडतात, हे रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून हे पत्र.

बुधवारी माझ्याकडे अंडाकरी असते, प्रत्येकाला दोन अंडी. मागच्या डिसेंबरातल्या एका बुधवारी ताटं उचलताना सहा ताटांच्या कडेला बलक तसेच ठेवलेले दिसले. रश्श्यात माखलेले, गोल, कुठेही न मोडलेले. मोजले तर अकरा भरले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं. गडचिरोली जिल्ह्यातला, 19 वर्षांचा, वडिलांची धानाची शेती. म्हणाला, "काकू, पिवळ्यात फॅट असते. अन् उद्यापासून मले पोळ्या दोनच द्या, डाएट चालू हाये." उंची 168 सेंटीमीटर, वजन 55 किलो. या पोराला काय कमी करायचं होतं?

माझी मुलगी गृहविज्ञान शिकलेली आहे. तिनं त्याला समजावलं की एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यातली जवळपास निम्मी बलकातच असतात. अ आणि ड जीवनसत्त्व तर पांढऱ्यात नसतंच. तो मान डोलावून गेला.

पंधरा दिवसांनी परत आला. "काकू, रातचं जेवण बंद करा, एकच टाइम ठेवा." घरून पैसे आले नसतील असं वाटून मी म्हटलं, पैशाचं मागून बघू, तू जेव. तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. जिमच्या काउंटरवर प्रोटीन पावडर विकायला ठेवलेली असते, एक किलोचा डबा 2,900 रुपये. माझ्याकडे दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला 3,200 होतात. डब्यासाठी पैसे सुटावेत म्हणून तो रात्री उपाशी झोपणार होता.

त्या रात्री मुलीनं वजनकाटा आणि वही काढली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं साध्या प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं रोज पुरतात. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर 1.6 ग्रॅमच्या आसपास धरतात. याचं वजन 55, म्हणजे 88 ग्रॅम झाले. मग तिनं ताट मांडलं. तीन अंड्यांचे 18. दोन मोठे ग्लास दूध, 16. दोन्ही वेळचं घट्ट वरण, वेळेला 40 ग्रॅम डाळ धरून 18. मूठभर फुटाणे, म्हणजे काट्यावर 50 ग्रॅम, त्यांचे 11. आणि दिवसाच्या आठ पोळ्या, पोळीमागे 3 प्रमाणे 24. बेरीज 87 आली. पोरगा वहीकडे बघतच राहिला. म्हणाला, "म्हंजे पोळ्याबी मोजाच्या?"

पोळ्या मोजायच्याच, आणि भातही खायचा. पोटात पुरेसं जळण नसलं की शरीर प्रथिनंच जाळायला घेतं, मग स्नायू बांधायला उरतं काय? पहाटे मैदानावर पळून येणारं, संध्याकाळी लोखंड उचलणारं पोरगं दोन पोळ्यांवर उठतं आणि वर पावडर पितं, ती पावडर मग चुलीत घातल्यासारखीच झाली. पावडर म्हणजे विष आहे असं मी म्हणत नाही. चांगली असेल तर ती दुधाच्या निवळीपासूनच काढलेली असते आणि एका चमच्यात 24-25 ग्रॅम प्रथिनं देते. पण 2024 साली याच पोषण संस्थेनं आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असं साफ सांगितलं आहे. ज्याच्या ताटात वरणच नाही त्याच्यासाठी तर ती पुढची गोष्ट. घ्यायचीच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक तरी बघा. जिमवाल्यानं सुट्या पिशवीत भरून दिलेलं घेऊ नका.

अंडी न खाणारी पोरंही माझ्याकडे आहेत. त्यांच्यासाठी 50 ग्रॅम सोयावडी, कोरडी मोजून, 26 ग्रॅम प्रथिनं देते. पातोडीचं बेसन, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दही आपल्याकडे घरोघरी आहेच. तर्री-पोह्यावर चण्याची तर्री घेताना "चणे जास्त टाका" म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही.

आता उचलण्याबद्दल. माझे थोरले भाऊ 68 वर्षांचे आहेत. त्यांनी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिक्षण घेतलं आणि आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. जानेवारीत हाच पोरगा कमरेवर हात ठेवून, वाकडा होऊन जेवायला आला. जिमला लागून तिसरा आठवडा, आणि दोस्त व्हिडिओ काढत होते म्हणून 90 किलोचा डेडलिफ्ट, म्हणजे वाकून जमिनीवरून बार उचलायचा तो, मारला होता. दादांनी त्याला आधी डॉक्टरकडे पाठवलं. दुखणं पूर्ण थांबल्यावर अंगणात उभं केलं आणि त्याच्या पाठीवर उभी बांबूची काठी धरली. काठी डोक्याच्या मागे, दोन खवाट्यांच्या मधे आणि माकडहाडाला अशा तीन जागी टेकली पाहिजे. "आता कुल्ले मागे ढकल, गुडघे थोडेच वाकव, आणि वाक. काठी कुठेच सुटली नाही पाहिजे." हात गुडघ्यापर्यंत पोचायच्या आतच काठी माकडहाडापासून सुटायची, कारण पाठीची कमान व्हायची. दादा काही बोलायचे नाहीत, सुटलेल्या जागी नुसतं बोट टेकवायचे. नऊ दिवस एवढंच चाललं. दहाव्या दिवशी काठी न सुटता हात नडग्यांपर्यंत गेले, तेव्हा दादांनी त्याला जिममध्ये नेऊन रिकामा बार दिला, तो 20 किलोचाच असतो.

दादांचं सांगणं नवख्यांसाठी सोपं आहे. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, दर वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम. वजन घेऊन बैठका, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, खांद्यावरून वर ढकलणं, वाकून ओढणं. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, एका सेटला 8 ते 12 वेळा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, पण अंगाची ठेवण मोडता कामा नये. ठेवण टिकली तर पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे. ते आणखी एक गोष्ट सांगतात, ती प्रत्येक पोराच्या कानावर जावी असं मला वाटतं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते, पण ती मुख्यतः नसा शिकल्यामुळे. स्नायूंचा आकार डोळ्याला दिसायला दोन-तीन महिने लागतात. बार जड होत जातो आणि आरसा काहीच दाखवत नाही, नेमक्या त्याच दिवसांत पोरं धीर सोडून काउंटरकडे वळतात. त्यात रात्री एकपर्यंत मोबाइल आणि साडेचारला मैदान. अंग भरायचं ते झोपेत भरतं, आणि झोपच तीन-साडेतीन तासांची.

भरतीच्या पोरांची सगळी घाई छातीपायी असते. न फुगवता 79 सेंटीमीटर आणि फुगवून किमान 5 जास्त, ही अट. पण ते 5 सेंटीमीटर श्वासानं आणि बरगड्यांच्या हालचालीनं येतात, बेंच प्रेसवर जीव काढून नाही. मैदानी 50 गुणांपैकी 1600 मीटरचे 20 आणि 100 मीटरचे 15, म्हणजे 35 गुण पायांतच आहेत. उरलेले 15 गोळाफेकीचे, तिथेही 7.260 किलोचा गोळा पायांतून आणि कमरेतूनच निघतो. तरी जिममध्ये पायांच्या दिवशी निम्मी पोरं गायब असतात, असं दादा म्हणतात.

नीटच्या क्लासला येणाऱ्या एका 16 वर्षांच्या पोराच्या आईचा भंडाऱ्याहून फोन आला होता. "ताई, वजनं उचलून त्याची उंची तर नाही ना खुंटणार?" दादांनी फोन घेतला आणि सांगितलं, शिकवणारा माणूस जवळ असेल, ठेवण बरोबर असेल, तर या वयात व्यायामानं उंची खुंटत नाही. उंची खुंटते ती स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी, कारण हाडांची वाढती टोकं वेळेआधीच बंद होतात. त्या माउलीनं "माझा मुलगा तसलं घेणार नाही" म्हटलं आणि फोन ठेवला. असं प्रत्येक आईला वाटतं.

फेब्रुवारीत हात धुण्याच्या जागेजवळच्या डब्यात मला तीन छोट्या काचेच्या बाटल्या सापडल्या. मुलीनं नाव वाचलं, मेफेनटरमाइन. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर डॉक्टर ते देतात. जिममध्ये जोर यावा म्हणून आमच्या गल्लीतला एक पोरगा ते टोचून घेत होता. त्याच आठवड्यात रात्री एक वाजता त्याच्या रूमवरच्या पोरांनी माझं दार वाजवलं. त्याची छाती इतकी धडधडत होती की शर्ट हलताना दिसत होता. ऑटोतून दवाखान्यात नेईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही. वाचला. बाप येऊन गावी घेऊन गेला. ज्यानं चिठ्ठीशिवाय त्याला ते विकलं, त्याला काहीच झालं नाही.

जिमच्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे की 18 वर्षांखालच्या पोरांना काउंटरवरून काही विकू नका, आणि पहिला महिनाभर नवख्याच्या शेजारी शिकवणारा माणूस उभा ठेवा. आमच्या भागातल्या बागेत व्यायामाची यंत्रं बसवली आहेत, तिथं तर तेल घालायलाही कोणी येत नाही, शिकवणं दूरच. गावाकडच्या आईबापांनी पैसे पाठवताना एवढंच विचारावं, आज दोन्ही वेळा जेवलास का, वरण किती घेतलंस. आणि खाणावळ चालवणाऱ्या माझ्या बहिणींनो, वरण पातळ करू नका. मी मार्चपासून रोज सकाळी एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर हरभऱ्याची उसळ ताटात वाढवली, त्यासाठी महिन्याला 250 रुपये जास्त घेते. एकाही पोरानं कुरकुर केली नाही. गडचिरोलीचा तो पोरगा 55 चा मे महिन्यात साडेएकोणसाठ किलोचा झाला. उन्हाळ्यात पत्र्याखालची ती जिम तापते म्हणून दादांनी त्याला सकाळची वेळ घ्यायला लावली आहे, आणि घरून निघताना मी मिठाचं ताक पाजते.

मुलीची हिशेबाची वही मी जपून ठेवली आहे. कोणाला ताटाचा हिशेब उतरवून घ्यायचा असेल किंवा काठी धरून वाकायला शिकायचं असेल, तर माझा पत्ता आपण खुशाल द्यावा. दादा सकाळी सात ते नऊ अंगणातच असतात.

आपली नम्र वाचक,
एक खाणावळवाली काकू
हनुमाननगर, नागपूर
(पोरांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये. नाव-पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)