सणाची रजा आणि शाळेचा हजेरीपट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांची वार्षिक वेळापत्रके ठरण्याचे हे दिवस आहेत, म्हणून सण-व्रतांसाठी मुलांना लागणाऱ्या रजेच्या प्रश्नाकडे आपल्या पत्राद्वारे मुख्याध्यापकांचे आणि पालकांचे लक्ष वेधू इच्छिते. पुण्याच्या पूर्व भागातील पेठांमध्ये मी अनेक वर्षे वर्गशिक्षिका म्हणून काम केले. माझ्या हजेरीपटाच्या एकाच पानावर मराठी, मारवाडी जैन, मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांतील मुलांची नावे असत.

सातवीच्या वर्गातील एका जैन मुलीने पर्युषण पर्वात अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, धरली होती. गणपतीच्या सुटीआधी घटक चाचणी उरकून घेण्याची अनेक शाळांची पद्धत असते आणि पर्युषणाचे दिवसही बहुधा त्याच सुमारास येतात. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहिलेली ती मुलगी शेवटच्या दोन पेपरांना आली नाही. घरून आलेली चिठ्ठी, वैद्यकीय दाखला जोडलेला नाही म्हणून, शाळेने स्वीकारली नाही. दोन्ही विषयांत शून्य गुण लागले आणि परत आल्यावर तिला वर्गासमोर उभे करून कारण विचारण्यात आले. विचारणारी मीच होते. त्या दिवशी तिने मान खाली घालून दिलेले उत्तर मी विसरू शकलेले नाही.

आपल्याकडे बहुसंख्यांचे सण वेळापत्रकातच मुरलेले असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. श्रावणी सोमवारी अनेक शाळा अर्धा दिवस भरतात; ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला आल्या की आसपासच्या शाळा बंद राहतात; अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणूक अजून लक्ष्मी रस्त्यावर असताना, निम्मा वर्ग रिकामा असला तरी कोणी जाब विचारत नाही. हे योग्यच आहे. मात्र हीच समज वर्गातील एकट्यादुकट्या मुलाच्या वाट्यालाही यायला हवी. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना कोकणाने ‘शनिवार तेली’ म्हणून आपल्यात सामावून घेतले होते. दुसऱ्याचा पाळण्याचा दिवस ओळखणे मराठी समाजाला मुळीच नवे नाही.

नियमांची अडचण सांगितली जाते तेवढी खरी नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवसांची अट शाळेने किती दिवस भरावे याविषयी आहे. दहावी-बारावीला मंडळ ७५ टक्के हजेरी मागते. २२० दिवसांचा हिशेब धरला तरी त्यात ५५ दिवसांची मोकळीक राहते, आणि धार्मिक कारणासाठी लागणारे दिवस चार-पाचाच्या पुढे क्वचितच जातात. अडते ते शाळेने स्वतः केलेल्या नियमांपाशी: फेरचाचणी नाही, दाखल्याशिवाय रजा नाही, शंभर टक्के हजेरीचे प्रशस्तिपत्र. याच कायद्याच्या कलम १७ ने मुलाचा मानसिक छळ निषिद्ध ठरवला आहे, हे मला वर्गात असताना ठाऊक होते आणि तरीही मी त्या मुलीला उभे केले.

पालकांनाही स्पष्ट सांगायला हवे. कुलदैवताच्या दर्शनाला जोडून केलेली आठवड्याची सहल आणि मुलाने मनापासून धरलेले व्रत यांत फरक आहे, आणि पहिलीला दुसऱ्याचे नाव देऊन रजा मागणाऱ्यांमुळे खऱ्या कारणांवरचाही शाळेचा विश्वास उडतो. उपवास वा रोजा धरण्याची इच्छा मुलाची स्वतःची आहे ना आणि त्याची प्रकृती तो झेपवेल ना, हे घरच्यांनीच पाहायचे आहे. रोजा धरून दहावीचा पेपर लिहिणारी मुले गेल्या काही वर्षांत आपण पाहतच आहोत.

माझी सूचना साधी आहे. जूनमध्ये प्रत्येक पालकाकडून आपण पाळत असलेल्या दिवसांची लेखी नोंद घ्यावी, पाच दिवसांपर्यंतची रजा दाखल्याशिवाय मंजूर करावी, चाचणीचे दिवस ठरवताना ती यादी समोर ठेवावी आणि बुडालेला पेपर त्याच महिन्यात पुन्हा घ्यावा. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच बैठकीत हा विषय मांडता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, नाना पेठ, पुणे