सही सरपंचाची, डोंगल दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात लेखापरीक्षणाचा आक्षेप माझ्या हातात पडला. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या, अबंधित (ठराविक कामाला न बांधलेल्या) निधीतून गावात पाणी सोडणाऱ्या माणसाचं थकलेलं मानधन दिलं, म्हणून 48 हजारांची वसुली. निम्मी ग्रामसेवकाकडून, निम्मी माझ्याकडून. या पैशातून पगार आणि आस्थापनेचा खर्च चालत नाही म्हणे. नसेल चालत. पण हे मला खर्चाआधी सांगायचं काम कोणाचं होतं, एवढंच विचारायला हे पत्र.

निवडून आल्यापासून सहा महिन्यांत प्रशिक्षण द्यायचं, असं राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियान सांगतं. मला ते दीड वर्षाने मिळालं. दोन दिवस, तालुक्याच्या सभागृहात. पहिला दिवस सत्कारात गेला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एका साहेबांनी पडद्यावर ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे आणि नोंदींचे नमुना 1 ते 33 दाखवले, तासाभरात तेहतीस! नमुना 8 आणि 9 मला घरपट्टीमुळे ठाऊक होते. रोकड वही मात्र कोणी उघडून दाखवली नाही. निधीत बंधित (पाणी-स्वच्छतेलाच वापरायचा) 60 टक्के, अबंधित 40 टक्के, एवढं वहीत उतरवेपर्यंत प्रमाणपत्रासाठी फोटोची रांग लागली. प्रशिक्षणात मिळालेली पिशवी चांगली होती, भाजीला वापरते.

आता पैसे कसे निघतात ते ऐका. माझ्या डिजिटल सहीचा डोंगल (संगणकाला लावायचा, पेनड्राइव्हसारखा) ग्रामपंचायतीतल्या संगणक केंद्राच्या चालकाच्या, केंद्रचालकाच्या, ड्रॉवरमध्ये असतो आणि त्याच्याकडे चार गावं. त्याचा फोन येतो, "ताई, पिन सांगा." मी कांद्याच्या वाफ्यात उभी राहून पिन सांगते आणि गावाचे दीड लाख माझ्या सहीने निघून जातात. बिल मागितलं की "तालुक्याला आहे". विकास आराखडाही तालुक्यालाच शिजतो, ग्रामसभेत आम्ही तो फक्त वाढतो. जबाबदारीची वेळ आली की मात्र सरपंच सर्वोच्च!

माझं मानधन महिना सहा हजार, तेही येईल तेव्हा. म्हणजे चार महिने फुकट राबले की माझ्या वाट्याचे 24 हजार फिटणार. घरात सासरे म्हणतात, "मोठी सरपंचीण झाली." ज्या माणसाला मानधन दिलं तो रात्री-अपरात्री व्हॉल्व्ह फिरवतो. त्याला काय सांगू, तुझा पगार बेकायदेशीर होता? आमच्या तालुक्यात शंभरावर ग्रामपंचायती आहेत. निम्म्यांना तरी असे कागद आले असतील. मोजायला मी गेले नाही, तुम्ही मोजा, तुमच्याकडे माणसं आहेत.

आणि नियम सगळ्यांना सारखे असते तर तेही सोसलं असतं. 2021 मध्ये तुमच्याच खात्याने पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची थकीत वीजबिलं याच वित्त आयोगातून भरायला लावली. वीज कंपनीचे पैसे द्यायचे तर निधी चालतो, मोटार चालू करणाऱ्याला द्यायचे तर वसुली! जिल्हा परिषदांच्या मुदती 2022 मध्ये संपायला लागल्या, त्यानंतर वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसले. निवडून आलेले सदस्य नाहीत म्हणून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचा निधी अडकला. त्याची वसुली कोणाकडून केलीत? निवडणूक वेळेवर न घेणाऱ्याला कोणी आक्षेपाचा कागद धाडला का? 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या कारभाराचे 29 विषय आमच्या दारात आणून ठेवले, किल्ली मात्र मंत्रालयातून खाली उतरलीच नाही.

मागणी फार नाही. प्रशिक्षण अंदाजपत्रकाच्या आधी द्या आणि ज्याच्या त्याच्या गावाची रोकड वही समोर ठेवून द्या. मागासवर्गीयांचे 15 टक्के, महिला-बालकल्याणाचे 10, दिव्यांगांचे 5 कशातून काढायचे ते आमच्याच आकड्यांवर करून घ्या. मागच्या वर्षीचे आक्षेप वाचून दाखवा, आमच्या चुका नाहीतर आम्हाला वसुलीतूनच कळतात. डोंगल ज्याचा त्याच्या ताब्यात द्या. आणि शिकवलंच नव्हतं त्याची वसुली तोवर थांबवा.

उत्तर पाठवणार असाल तर ग्रामपंचायतीच्या ईमेलवर नको. त्याचा पासवर्डही केंद्रचालकाकडेच आहे. पोस्टाने पाठवा.

आपली,
एक सरपंच