आंदोलकांचे बोलणेही जपावे

महोदय,

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीची छायाचित्रे आपण अनेकदा पाहतो. त्यांतील माणसांचे बोलणे मात्र क्वचितच ऐकतो. मिसिसिपीतील शेतमजूर फॅनी लू हेमर यांनी २२ ऑगस्ट १९६४ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे दिलेली साक्ष म्हणूनच मोलाची आहे. नाव आणि घराचा पत्ता सांगून त्यांनी सुरुवात केली. मतदार नोंदणीला गेल्यामुळे मळ्यावरचे घर कसे सुटले, मिसिसिपीतल्याच विनोना गावच्या तुरुंगात पोलिसांनी दोन कैद्यांकरवी कशी मारहाण करवली, हे सारे सांगितले. अध्यक्ष जॉन्सन यांनी ऐन वेळी पत्रकारांना बोलावून कॅमेरे दुसरीकडे वळवले, तरी वाहिन्यांनी ती साक्ष त्याच रात्री दाखवली.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरच्या मोर्चांत चाललेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्या ट्रंकांतील पत्रके पिवळी पडून घडीवर फाटू लागली आहेत. विद्यापीठांनी त्यांच्या मुलाखती त्यांच्याच आवाजात, त्यांच्या बोलीला हात न लावता ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि वृत्तपत्रांनी जुन्या छायाचित्रांखाली केवळ ‘आंदोलक’ असे न छापता, संबंधितांच्या संमतीने, त्यांची नावे छापावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे